भुतांच्या आईची पत्रं

दिवा राहू द्या, सांगते. नोकरी तशी साधी होती. एका मालिकेतल्या भुतांच्या आईच्या वतीनं प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं लिहायची. हसू नका, त्यावरच माझं पोट चालत होतं.

मालिका बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, पण जुने भाग सारखे लागायचे आणि पत्रं काही थांबत नव्हती. त्या घरात बाबा आपलं डोकं शेजारच्या खुर्चीवर काढून ठेवून जेवत, आत्या छताला उलटी लटकून विणकाम करी आणि आईची सावली पडत नसे. तरी तिथे कुणी कुणावर कधी हात उगारला नाही, रुसून कुणी उपाशी झोपलं नाही. आपल्या धडधाकट माणसांच्या घरांत हे किती दिवस जमतं, सांगा बरं? लोक घाबरायला बघत नव्हतेच. त्या टेबलाशी आपल्यालाही जागा असावी, असं त्यांना वाटायचं.

उत्तरांचा नियम एकच होता. काहीही लिहा, पण कुणाला 'ये' म्हणून लिहायचं नाही. का, ते माझ्या आधीच्या बाईंनी सांगितलं नाही आणि मीही नसती चौकशी केली नाही.

मग त्या मुलीचं पत्र आलं. नऊ-दहा वर्षांची असेल. आईवडील नाहीत, काकाकडे राहते. 'काका पट्टा काढतात तेव्हा मी डोळे मिटून तुमचं घर आठवते. मी येऊ का?' मला भडभडून आलं. मी लिहून टाकलं, 'ये बाळ.'

आणि ती आली. मंगळवारी दुपारी तीनला, पाकिटावरचा पत्ता विचारत विचारत, दप्तरासकट, थेट आमच्या कचेरीत. आधी नोकरी आठवली, मुलगी नंतर. तिला बाकावर बसवून मी आत गेले आणि तिच्या वहीवरचा नंबर फिरवला. काकाचा. हो, मीच. परत येऊन बघते तर बाक रिकामा.

"आईबरोबर गेली की," रखवालदार म्हणाला. "मागच्या गोदामाकडे."

गोदामाला कुलूप होतं. मालिकेचं ते रंगवलेल्या फळ्यांचं घर आतच पडून होतं. आतून ताट-वाट्यांचा आवाज येत होता. कुणीतरी हळूच हसलं. रखवालदाराकडून किल्ली घेऊन मी कुलूप काढलं. दार उघडलं तेव्हा ओलसर मातीचा वास आला. टेबलाशी ती मुलगी एकटीच बसली होती, केस नीट विंचरून दोन घट्ट वेण्या घातलेली. टेबलावर आणि जमिनीवर बोटभर धूळ होती. त्या धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिचंसुद्धा.

"पोट भरलं," ती म्हणाली. "वेण्या आत्यानं घातल्या… वरूनच."

काका तासाभरात हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. मुलीनं माझी बाही घट्ट धरली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

"जा बाळ, काका न्यायला आलेत ना," म्हणाले आणि हात झटकून मोकळी झाले. मला त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतला फोन वाजला. काकाच होता, पण आवाज पार बसलेला.

"बाई… तुम्ही तिच्याबरोबर किती जण पाठवलेत?"

"म्हणजे?"

"कालपासून टेबलाशी बसलेत… जेवत नाहीत, बोलत नाहीत… नुसते माझ्याकडे बघतायत. मला उठू देत नाहीत…"

पलीकडे खुर्ची सरकली आणि त्याचं बोलणं मध्येच तुटलं. मग फोनवर ती मुलगी आली. आवाज इतका मोकळा, की मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

"तू ठीक आहेस ना गं?"

"हो! आता काका काहीच करत नाहीत." तिच्या कानाशी कुणीतरी कुजबुजत होतं. "आई विचारतेय… मला परत पाठवणाऱ्या बाई कुठे राहतात?"