मागच्या सीटवरचे तांदूळ

गिरिजाची लॅबची बस यायला चारच मिनिटं होती, केस ओले, हातात कॉफी... आणि बघते तर काय, गुरुनाथकाकांच्या ड्राइव्हवेमध्ये हा एवढा लालभडक पिकअप ट्रक आडवा उभा! त्यातनं एक उंच मुलगा उतरला. शर्टाला कडक इस्त्री, केस मात्र वाऱ्यावर, आणि चेहऱ्यावर असं काही हसू, की जणू ट्रक त्यानं स्वतःच्या हातांनी घडवलाय.

"गुरुनाथ सर इथेच राहतात ना? मी अवधूत. हर्नडनहून आलो, कॅम्पर न्यायला."

समोरून बस निघून गेली. गिरिजाला पत्ताच नाही!

गुरुनाथकाका म्हणजे स्टेट कॉलेज ह्या अमेरिकन गावातले रिटायर्ड प्रोफेसर. त्यांच्याच बेसमेंटमध्ये गिरिजा दोन वर्षं भाड्यानं राहत होती आणि पीएचडी करत होती. आणि कॅम्पर म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसवायची अख्खी खोलीच हो! आत बिछाने, शेगडी, सिंक, फ्रिज. एरवी ती चार लोखंडी पायांवर उभी असते. ट्रक खाली रिव्हर्स घालायचा, पाय वर उचलायचे, की घर निघालं फिरायला. काकांचा गुडघा बदलल्यापासून ते घर मागच्या अंगणात नुसतं उभं होतं, म्हणून आता विकायला काढलं होतं.

काका चपला शोधत होते, तोवर गिरिजा म्हणाली, "ड्रायव्हरचं दार उघड जरा."

"बसून बघायचंय? या ना, या!" तो खुशीत आला. "लेदर सीट आहेत."

पण ती बसली नाहीच. दाराच्या कडेला उकिडवी बसून तिथं चिकटवलेला पिवळा-पांढरा स्टिकर वाचायला लागली.

"तेराशे नव्वद."

"काय तेराशे नव्वद?"

"पौंड. माणसं आणि सामान मिळून हा ट्रक एवढंच वजन उचलणार. आणि काकांचा कॅम्पर पाण्याची टाकी भरली की सोळाशे चाळीस. त्याच्या दारामागंच लिहिलंय."

"काहून? इंटरनेटवर तर अकराशे ऐंशी दाखवतात!"

"ते कोरडं वजन. पाणी नाही, गॅस नाही, काही नाही. तू काय उपास करत फिरणारेस?"

अवधूत जरा गडबडला. पण लगेच त्यानं हुकमाचं पान काढलं. "पण मी मागे एअर स्प्रिंग बसवून घेतल्यात. खास!"

"त्यानं ट्रकची पाठ खाली बसलेली दिसत नाही, एवढंच. ताकद थोडीच वाढते? मी हील्स घातल्या म्हणून माझी उंची वाढेल का?"

अवधूतनं तिच्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि कान लाल करून म्हणाला, "नाही... पण छान दिसेल."

गिरिजाची कॉफी सांडता सांडता राहिली.

"तुम्ही काय ट्रक ड्रायव्हर आहात का?" त्यानं विचारलं.

"नाही," ती ताठ उभी राहिली. "काटेवाल्याची मुलगी आहे."

आणि ते ती असं म्हणाली ना, की जणू एखाद्या संस्थानाची राजकन्या! जयसिंगपूरच्या बाहेर तिच्या बाबांचा वजनकाटा आहे. उसाच्या हंगामात रांग लागते तिथं. बाबा चष्म्यावरून आकडा बघणार, चिठ्ठीवर ड्रायव्हरचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिणार, आणि म्हणणार, "पास." एकदा सख्ख्या मामाची गाडी जास्त भरली होती, तर तीही उतरवायला लावली. मामा सहा महिने बोलत नव्हता. बाबा म्हणाले, "काट्यावर पाहुणे नसतात." अशा माणसाची ही मुलगी. ती एका लाल ट्रकला घाबरणार होय?

"पण माझे आईबाबा तीन आठवड्यांनी येतायत," अवधूतचा आवाज एकदम उतरला. "आईला बाहेरचं सोसत नाही. आणि मला बाबांना रस्त्यानं फिरवायचंय. पार डोंगर ओलांडून, लांबच्या लांब. मी चालवणार, ते शेजारी बसणार. असं कधी झालंच नाही ना..."

"काय करतात बाबा?"

"ट्रान्सपोर्टमध्ये... होते."

"म्हणजे?"

त्यानं खाली बघत बुटानं खडी उकरली. "एस.टी. ड्रायव्हर. अकोट डेपो."

"किती वर्षं?"

"एकतीस."

"अपघात?"

आता मात्र त्यानं मान वर केली. "एकही नाही. बिल्ला आहे त्यांच्याकडे, विनाअपघात सेवेचा."

"मग हे असं तोंडातल्या तोंडात काय सांगतोस!" गिरिजा जवळजवळ ओरडलीच. "एकतीस वर्षं! घाटात, पावसात, साठ-साठ माणसं घेऊन! अरे, मी असते तर शर्टावर छापून फिरले असते. आणि अशा माणसाला तू ह्या ओव्हरलोड गाडीत बसवणार? उतारावर ब्रेक लागायला उशीर झाला, तर त्यांना कळणार नाही? सगळ्यात आधी त्यांनाच कळेल. आणि बोलणार काहीच नाहीत. मुलानं हौसेनं आणलंय ना..."

अवधूतनं ट्रकचं दार ओढून घेतलं. काका चपला घालून बाहेर आले तोवर त्यानं ट्रक सुरूसुद्धा केला होता. कॅम्पर न घेताच गेला.

"काय गं, गिऱ्हाईक पळवलंस माझं?" काका म्हणाले.

गिरिजा हसली खरी, पण दिवसभर तिचं लॅबमध्ये चित्त कुठं होतं! आपण जरा जास्तच बोललो का... तो आता कशाला परत येतोय... आणि आला नाही तर आपल्याला काय त्याचं?

काय त्याचं म्हणे!

मंगळवारी फोनवर एक फोटो आला. नंबर काकांकडून घेतला होता म्हणे. फोटो कसला? फुलं? सूर्यास्त? छे! कुठल्यातरी ट्रकच्या दारावरचा स्टिकर. खाली एकच शब्द: "ही?"

गिरिजानं लिहिलं, "नापास."

बुधवारी दुसरा स्टिकर. "ही?"

"आकडा बरा आहे. टायर दाखव. त्यावरही वजन लिहिलेलं असतं."

टायरचा फोटो आला. "नापास?"

"सपशेल."

कुणाचे प्रियकर गुलाब पाठवतात, कुणाचे कविता. हिला रोज एक दार! आणि ही बया भर सेमिनारमध्ये त्या दारांकडे बघून गालातल्या गालात हसतेय. मग दारांच्या पुढेमागे दुसरं काही यायला लागलं. आज काय जेवलीस... तुमच्याकडे अजून थंडी आहे का... तू उसाच्या ट्रॉलीवर कधी चढलीस का. आणि एका शुक्रवारी त्याच्या ऑफिसच्या टेबलाचा फोटो आला. कॉम्प्युटरशेजारी फ्रेममध्ये एका खाकी कपड्यातल्या माणसाचा फोटो, छातीवर बिल्ला. खाली लिहिलेलं, "सगळ्यांना सांगितलं. एस.टी. ड्रायव्हर, एकतीस वर्षं, शून्य अपघात. माझा मॅनेजर खुर्चीतून उठून बघायला आला यार."

गिरिजानं तो फोटो किती वेळा उघडला, ते तिलाच माहीत.

शेवटी एक स्टिकर आला. दोन हजार नऊशे चाळीस. "पास?"

तिनं लिहिलं, "काट्यावर बघू."

तिसऱ्या शनिवारी तो आला तेव्हा एप्रिलचा बारीक पाऊस भुरभुरत होता. ह्या वेळचा ट्रक पांढरा, जुना, बंपरला पोचा, लेदर नाही की चकाकी नाही. टायर मात्र हे एवढे जाडजूड! आणि उतरताना अवधूतची मान पहिल्यापेक्षाही ताठ.

"लाल दिला?" तिनं विचारलं.

"दिला. तो फोटोत चांगला होता. हा बाबांसाठी चांगला आहे."

गिरिजाला त्याला तिथंच शाबासकी द्यावीशी वाटली. पण तसं दाखवेल तर ती काटेवाल्याची कसली!

आधी दोघांनी ट्रकच्या हौद्यात जाड रबरी मॅट अंथरली, कॅम्पर घसरू नये म्हणून. मग अवधूत रिव्हर्स घ्यायला बसला आणि गिरिजा मागं उभी राहिली. तिनं ट्रकच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली: टक टक. ट्रक इंच इंच मागे. मग एकच: टक. ट्रक जागच्या जागी उभा!

खिडकीतून अवधूतचं डोकं बाहेर आलं. "तुला कंडक्टरची घंटी कुठून येते?"

"एस.टी.नंच कॉलेजला गेले की मी! एक थांब, दोन चल. आता तोंड आत घे, डावीकडे दोन बोटं जागा आहे."

कॅम्परच्या अंगावर वजनाचा मध्य दाखवणारा एक बाण असतो. तो मागच्या चाकांच्या मध्याच्या पुढेच पडायला हवा, नाहीतर ट्रकचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं होतं. गिरिजानं टेप लावून मोजलं. मग चार कोपऱ्यांना चार साखळ्या, ट्रकच्या चेसीला बोल्ट केलेल्या कड्यांत अडकवलेल्या. अवधूत पिळून ताणत होता, ती हलवून बघत होती. तिसऱ्या साखळीवर दोघांचे हात एकदमच पडले. पावसानं गार पडलेले. काढायचं कुणालाच सुचलं नाही...

"पन्नास मैलांनी परत ताणायच्या," गिरिजा साखळीकडे बघत म्हणाली. "सुरुवातीला सैल पडतात."

"मी नाही पडू देणार," तोही साखळीकडेच बघत म्हणाला.

पोर्चमधून चिवडा खात काका ओरडले, "अरे, लग्नगाठसुद्धा कुणी इतकी ओढून बघत नाही रे!"

हात सुटले. दोन्ही चेहरे पहिल्या ट्रकच्या रंगाचे!

आता राहिला खरा काटा. हायवेवरच्या ट्रक-स्टॉपला असतो तो. टाकी भरली, गॅस भरला, आईचा कुकर, पोळपाट, मिक्सर, पिठांचे डबे, सगळं आत रचलं. गिरिजा काकांच्या गाडीतून मागं मागं गेली, वळणावर कॅम्पर डुलतोय का ते बघायला. नाही डुलला. जरासाही नाही. समोर त्या पांढऱ्या ट्रकला असा भारदस्त, सरळ चालताना बघून तिला वाटलं, काच खाली करून सगळ्या हायवेला ओरडून सांगावं... बघा रे, हा आम्ही बांधलाय!

काट्याच्या अलीकडे तो थांबला. ती गाडी बाजूला लावून त्याच्या खिडकीशी गेली. "माणसांचं वजन धरलंस ना? नाहीतर आईबाबांना विसरशील."

"बघ की," तो तिच्याच ढंगात म्हणाला आणि दारं उघडली.

गिरिजा बघतच राहिली.

पुढच्या सीटवर वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या आठ पिशव्या, नीट पट्टा लावून बसवलेल्या. वर चिकटपट्टीवर लिहिलेलं: बाबा. मागच्या सीटवर सात पिशव्या. त्यांनाही पट्टा. आई.

"एडिसनच्या देशी दुकानात गेलो होतो मुद्दाम," अवधूत म्हणाला. "दुकानवाला विचारत होता, लग्न आहे का घरात."

पण गिरिजा ऐकत नव्हती. आईच्या शेजारी आणखी सहा पिशव्या होत्या. पट्टा लावलेल्या. चिकटपट्टीही होती... कोरी.

"ही कोण?"

अवधूतनं कोऱ्या चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबलं. "ती... तिला अजून विचारलं नाही मी."

"आणि विचारायच्या आधीच सीट?"

"जागा धरून ठेवलीय फक्त. नाही म्हणाली तर खिचडी करून खाईन सगळी. वर्षभर." मग त्याचा आवाज हळू झाला. "बाबांना सांगितलं, एका मुलीनं पास केल्याशिवाय गाडी हलणार नाही. ते म्हणाले, गाडीचं राहू दे, आधी त्या मुलीला भेटव. गिरिजा... एवढ्या एका ट्रिपचं नाही म्हणत मी. पुढचंही म्हणतोय. सगळंच."

वर कॅम्परच्या छतावर पाऊस टपटपत होता. मागे एक भला मोठा ट्रक येऊन उभा राहिला. भोंऽऽ.

गिरिजानं सहा पिशव्यांचा पट्टा सोडला. एक पिशवी उचलली, काकांच्या गाडीत नेऊन टाकली. मग दुसरी. तिसरी. अवधूतचा चेहरा पिशवीगणिक उतरत चालला. सहावी टाकली आणि ती हात झटकत परत आली.

"काट्यावर अंदाज चालत नाही," ती म्हणाली.

आणि चढून त्या रिकाम्या सीटवर बसली. पट्टा ओढला. खट!

"आणि सहा नाही, साडेसहा पिशव्या. कुणाला सांगितलंस तर बघ. चल आता, मागचा भोंगा मारतोय."

अवधूत जागचा हलेच ना! नुसता आरशातून तिच्याकडे बघत बसलेला, डोळे चमकत... शेवटी तिनंच दाराच्या पत्र्यावर थाप मारली. टक टक.

पुढच्या एक्सलचं वजन मर्यादेच्या आत. मागच्याचंही आत. वर पाचशे साठ पौंड शिल्लक! काउंटरवरून आणलेल्या चिठ्ठीवर गिरिजानं आपल्या बाबांच्या पद्धतीनं, स्वच्छ अक्षरात नावं लिहिली: अवधूत, गिरिजा, बाबा (तांदूळ), आई (तांदूळ). फोटो काढून, साखळ्यांच्या फोटोंसोबत जयसिंगपूरला पाठवला. तिकडे रात्र झाली होती, पण बाबा अजून काट्यावरच असणार.

उत्तर दोन मिनिटांत आलं.

"वजन बरोबर. बांधणीचे फोटो पाहिले, कारखान्यावरही इतकं नीट कुणी बांधत नाही. माझी पोर शोभतेस. तांदूळही समजला. अवधूत कोण?"

तिनं फोन पुढच्या सीटकडे केला. अवधूतनं वाचलं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या बसल्या शर्टाची कॉलर सरळ केली, जणू बाबा चष्म्यावरून बघतायत. मग श्वास रोखून तिच्याकडे बघायला लागला.

गिरिजानं फोन मागे घेतला. आणि जयसिंगपूरच्या काटेवाल्याच्या मुलीनं, मान ताठ ठेवून, टाइप केलं:

"पास झालेला."