सोजराबाईची जागा

"सोजरा गेली, पन तरटामागं सांजले अजून कोनतरी बसून..."

चांदबी बांगडीवाली शेजारच्या ओसरीत बोलत होती. मला पाहिलं अन् गप्प झाली.

"कोन बसून, व?"

"काई नाई, बाई. हात द्या इकडं."

अर्धं ऐकलेलं मला पचत नाही, हे आमच्या डोणगावात सगळ्यांना ठाऊक. घरात जिरं होतं, तरी संपलं असं ठरवून मी दिवेलागणीला निघाले.

उत्तमरावांचं किराणा दुकान आमच्या भिंतीला लागूनच. सोजराबाई त्यांची बायको. लग्न होऊन आली ती तरटाच्या पडद्यामागं बसली, अन् जन्मभर पुड्या बांधत राहिली. हळद, जिरं, चहा. गिऱ्हाइकाला दिसायचे ते पडद्याखालून येणारे तिचे पिवळे हात. दोन वेढे, घट्ट गाठ, अन् दोरा दातानं कटकन तोडायचा. कात्री शोधायलाही सवड नसे तिला. एकदा मला म्हणाली होती, "विमलबाई, मले एक दिवस पोटभर झोपू द्यावं कोनी. दुसरं काई नोको."

बाजाराच्या दिवशी अंगात ताप घेऊन बसली, ती तिथंच गेली. न्हाऊ घालताना तिच्या दातांतला दोरा मीच सोडवला.

ते लढाईचे दिवस. घासलेट मिळत नसे, दुकानं अंधारीच असायची. उत्तमराव गादीवर नव्हते. हिंगाचा अन् दमट तरटाचा वास. पडद्यामागं कागद सळसळला. थांबला. पुन्हा सळसळला.

"उत्तमभाऊ...?"

सळसळ बंद.

मी पडदा सारला. तेलाच्या दिव्यापाशी, सोजराबाईच्या पोत्यावर, तिचं हिरवं लुगडं पांघरून कोणी पाठमोरं बसलेलं. शेजारी बांधलेल्या पुड्यांनी भरलेली टोपली. मग ते हळूच वळलं... तर उत्तमरावच!

"काय हे, भाऊ! जीव गेला असता ना माहा!"

"थंडी वाजते, बाई. हे पांघरलं की बरं वाटते."

"अन् गावात काय बोलून राह्यले लोक, ठाऊक हाय?"

"बोलू द्या." आवाजात जीवच नव्हता. "दहाव्याले कावळा शिवेना. तिले लेकरू नाई, दागिना नाई... कबूल काय करू? शेवटी म्हटलं, तुही जागा खाली ठेवत नाई. तवा शिवला."

"म्हनून तुमी बसता? या समद्या पुड्या तुमीच बांधल्या?"

"हाव. अन् कोन?"

हातातली पुडी त्यांनी कशीबशी गुंडाळली. तोंडात एकही दात नाही. दोरा दिव्यावर धरून जाळून तोडला. गाठ ढिलीच पडली.

मला भडभडून आलं. "अवो भाऊ, जागा कशाले पायजे होती तिले? झोप पायजे होती. एकडाव सांगा, निज म्हना..."

त्यांनी ती ढिली पुडी बाजूला ठेवली. मग पोत्यावर हात टेकून म्हणाले, "सोजरा... निज व आता."

काही झालं नाही. ज्योतही हलली नाही.

"पन मंग इथं कोन बसन?" हे मला विचारलं की तिला, कोण जाणे. टोपलीतली जिऱ्याची पुडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

घरी येताना हलकं वाटत होतं. तरटामागं बसतं कोणी, हे चांदबीचं खरं. पण बसणारा जिताजागता माणूस. सकाळी तिची चांगली जिरवायची, असं ठरवून पुडी सोडायला घेतली.

गाठ सुटेना. नखानं सुटेना, सुईनं सुटेना. शेवटी दोरा ओढून काढला अन् चुलीच्या उजेडात धरला. टोक जळलेलं नव्हतं. दातानं तोडलेलं होतं... अन् ओलं.

दोरा मी चुलीच्या काठावर वाळत टाकला. सकाळी आधी तोच पाहिला. चुलीतली राख कोरडी ठाक होती. टोक तसंच ओलं.