पंधरा बटणांची जागा

कीबोर्ड चालत नाही म्हणून बोलावणं आलं, की दहापैकी नऊ वेळा वायर निघालेली असते. दहाव्या वेळी त्यावर चहा सांडलेला असतो आणि घरातल्या कोणीच तो सांडलेला नसतो. कॉम्प्युटर दुरुस्तीत माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे त्या सकाळी भाऊजींचा फोन आला तेव्हा मी त्यांनाही आधी वायरच बघायला सांगितली.

"बघितली रे," ते म्हणाले. "सुरू होताना सेकंदभर दिवे लागतात, मग बीप बीप करतो आणि ढिम्म. तू ये. तीनच्या आत उघडायला हवा."

तीनचं कारण मला ठाऊक होतं. ताई, माझी मोठी बहीण, अकरा दिवसांपासून हॉस्पिटलात होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि श्वास मशीन देत होतं. आत काही उरलेलं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. मशीन बंद करायचं तर नवरा आणि भाऊ, म्हणजे भाऊजी आणि मी, दोघांच्या सह्या हव्यात. तीनला येऊन सांगा, म्हणाले. ताई एकदा जेवता जेवता बोलून गेली होती, "माझं असं काही झालं तर काय करायचं ते मी टाइप करून ठेवलंय. उगाच भांडत बसू नका." ती फाइल तिच्या कॉम्प्युटरमध्ये होती. पासवर्ड भाऊजींना माहीत होता, पण तो टाइपच होत नव्हता. डिस्क काढून दुसरीकडे लावूनही उपयोग नव्हता, ती याच कॉम्प्युटरवर उघडेल अशी मीच कुलूपबंद करून दिली होती.

ताईचं टेबल खिडकीशी होतं. खुर्चीवर तिची चपटी झालेली उशी, बाजूला चष्मा, स्टँडला अर्धवट टाइप केलेला एक करारनामा. तीस वर्षं तिनं मराठी टायपिंगच केलं. जुन्या टाइपरायटरवर जी बोटं बसली ती कॉम्प्युटर आल्यावरही बदलली नाहीत. मी नव्या सोप्या पद्धती दाखवायला गेलो, की म्हणायची, "तू तुझे स्क्रू पिळ."

मी कामाला लागलो. दुसरा कीबोर्ड लावला, जागा बदलून लावला, कॉम्प्युटर उघडून धूळ काढली. दर वेळी तेच. सुरू होताना दिवे लागत, मग बीप. हा बीप आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मशीन जागं होत असताना दाबलेली पंधरा बटणं ते लक्षात ठेवतं. सोळावं दाबलं की जागा नाही म्हणून ओरडतं. म्हणजे कीबोर्ड मेला नव्हता. उलट कोणीतरी तो भरून टाकत होतं. एखादं बटण अडकलं असणार, दुसरं काय?

म्हणून मी कीबोर्ड काढूनच टाकला आणि मशीन सुरू केलं.

बीप. बीप बीप. थोडं थांबून, बीप.

अडकलेलं बटण एकसारखं ओरडतं. हे तसं नव्हतं. भरभर चारपाच, मग श्वासभर उसंत, मग पुन्हा. लहानपणी ताई टाइपरायटरचा सराव करायची तेव्हा मी त्याच खोलीत झोपायचो. ती लय मी ओळखली आणि मला माझाच राग आला. अकरा दिवस धड झोप नाही, म्हटलं, काहीही सुचतंय.

"कशाला हात लावलात का, भाऊजी?"

"मी इथं दारात उभा आहे."

मी मशीनवरचा सेल काढला, वीज पूर्ण जाऊ दिली, सेल परत बसवला. जुनं काही साठलेलं असेल तर तेही पुसलं गेलं. मग माझा पेन ड्राइव्ह लावला. त्यावरून मशीन सुरू झालं, की पुढे फक्त काळा पडदा येतो आणि साठलेली बटणं तिथं उमटतात. उमटली.

eh tkxh vkgs eh

मराठी फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली, की असाच कचरा दिसतो. रोज दोन तरी लोक तो घेऊन माझ्याकडे येतात. मी माझ्या लॅपटॉपवर तीच अक्षरं टाइप केली आणि फॉन्ट बदलला.

मी जागी आहे मी

भाऊजी मागून आले, त्यांनी वाचलं आणि ते ताईच्या खुर्चीत मटकन बसले. मी मोजलं. पंधरा बटणं. वाक्य संपलं नव्हतं, जागा संपली होती.

मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

ऐकतेय सगळं, तू

"बघ, ती ऐकतेय!" भाऊजी रडायलाच लागले. "आपण तिच्या उशाशी उभं राहून काय काय बोललो रे!"

अडीच वाजून गेले होते. 'तू'च्या पुढे काय असणार, हे मला वाचायची गरज वाटली नाही. तू थांबव, तू वाचव. कोणालाही तेच वाटलं असतं. आम्ही तसेच पळालो. डॉक्टर समजूत घालत राहिले, तपासण्यांचे कागद दाखवत राहिले. मी सहीचा कागद त्यांच्यासमोर फाडला. आयुष्यात एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

भाऊजी तिच्यापाशीच बसले. मी संध्याकाळी आवराआवर करायला घरी परतलो. हत्यारं बॅगेत भरता भरता, पेन ड्राइव्ह काढण्याआधी सहज मशीन सुरू केलं.

सही कर, बास झाल

शेवटचा अनुस्वार नव्हता. तो सोळावा होता.

बॅग तिथंच टाकली. मग हॉस्पिटलात जाऊन भाऊजींना सांगितलं. ते ताईला पेपर वाचून दाखवत होते. त्यांनी घडी घातली.

"दुपारी जागी आहे म्हणालास. आता म्हणतोस, सही कर. मघाशी मी तिथं होतो, मी पाहिलं. हे मी पाहिलेलं नाही."

"चला, दाखवतो."

"मी हिला सोडून हलणार नाही. फाइल उघड. तिनं शुद्धीत असताना लिहिलेलं दाखव, मग सही करतो."

त्यांचं चूक नव्हतं. पण फाइल उघडायची तर पासवर्ड टाइप व्हायला हवा, आणि त्यासाठी ताईनं टाइप करणं थांबवायला हवं.

मी तिच्या कानाशी वाकलो. मशीन तिची छाती वर उचलत होतं, खाली ठेवत होतं. बोटं चादरीवर सरळ पडली होती, जराही हलत नव्हती.

"ताई," मी म्हणालो, "मी चुकलो. उद्या सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू करतो. तेव्हा पाच मिनिटं टाइप करू नकोस. फाइल उघडली की सुटशील."

सकाळी दहाला मी बटण दाबलं. खोलीत ऊन आलं होतं.

दिवे लागले. बीप नाही.

पासवर्डची चौकट आली. मी पहिलं अक्षर दाबलं. उमटलं.

दुसरं दाबलं. उमटलं.

बीप.

मग बीप बीप बीप, भरभर, उसंत न घेता. मी थांबलो. ती थांबेना.

मी पेन ड्राइव्ह लावला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पंधरा बटणं उमटली. फॉन्ट बदलावा लागला नाही. एव्हाना मला ती तशीच वाचता येत होती.

थांबता येत नाह