काचेलगतची दांडी

काम तसं किरकोळच होतं. जुन्या घरात मूळचं काय आणि नंतरचं काय, याची यादी करायची. घर साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं, सपाट छपराचं, एका अंगाला जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. ते वारसा म्हणून जपायचं ठरलं होतं आणि समितीचा दंडक एकच: पहिल्या वर्षीच्या फोटोंत जे नाही, ते काढायचं. यादी करणारी ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, फ्रिज गुरगुरला तरी दचकणारी. यादी मात्र काटेकोर करायची.

काचेलगत कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडी होती, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. फोटोंत नव्हती. तिने लिहिलं, ‘नंतरची भर’.

“घर बांधलं तेव्हा मी सात वर्षांची होते म्हणून वाचले,” घरमालकीण मावशी हसल्या. “नाहीतर मलाही यादीत घातलं असतंस.”

मग त्यांचा आवाज खाली आला. “दांडी तेवढी राहू दे, पोरी. दादाचे डोळे गेल्यावर बाबांनी बसवली. त्याच्या खोलीपासून माझ्या खुर्चीपर्यंत. त्याला जाऊन तीस वर्षं झाली, पण... चारला येतो अजून. दांडीवर अंगठी घासत. या घरात मला दुसरं आहे कोण?”

“समितीला विचारते हं,” ती म्हणाली. विचारलं नाही. भुताची नव्हे, समितीचे साहेब हसतील याचीच धास्ती होती.

सोमवारी सुतारकाकांनी दांडी उतरवली, धूळ जावी म्हणून बागेचं दार सताड उघडलं आणि चहाला गेले. चार वाजले. मावशी खुर्चीत हात पुढे करून बसलेल्या.

थप.

थोड्या वेळाने पुन्हा... थप. कुणीतरी काच चाचपत होतं. लख्ख काचेवर वाफेचा पंजा उमटला, करंगळी वाकडी. मग त्याच्या पुढे दुसरा. हिच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

“दादा... इकडे रे. इकडे...”

पंजे खुर्चीवरून पुढे गेले. मावशी धडपडत उठल्या. तोवर ओळ उघड्या दारापाशी पोचून संपली होती.

त्याच संध्याकाळी तिने दांडी पुन्हा बसवून घेतली. साहेबांची बोलणी खाल्ली. मंगळवारी चारला दोघी श्वास रोखून बसल्या. दांडी गप्प. काचेवर मात्र नवे पंजे होते. तिने फडक्याने पुसले, जाईनात. ते बाहेरून होते, आणि फाटकाच्या दिशेने चालले होते.

शुक्रवारी ती फाटकाबाहेरच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानापाशी थबकली. दुकानदार काच पुसत करवादत होता.

“कुणाला खाज आहे देव जाणे! परवा बेकरीची काच बरबटवली, काल माझी.”

चारला दोन मिनिटं होती. ती धावतच पुढच्या दुकानापाशी गेली आणि काचेला पाठ लावून हात पुढे करून उभी राहिली, मावशी बसायच्या तशी.

“दादा,” ती पुटपुटली, “घर मागे राहिलं... चला ना.”

भर उन्हात तिच्या बोटांवरून गार काहीतरी सरकलं. क्षणभर थांबलं. अनोळखी हात चाचपावा तसं तिचं मनगट चाचपलं.

आणि सोडून दिलं.

थप, तिच्या डाव्या अंगाला झालं. मग त्याच्याही पुढे. रस्ता तिथून उताराला लागत होता, आणि दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर, काचाच काचा होत्या.