मोजणीत न धरलेली

त्यांची पहिली गाठ पडली ती जिन्यात, आणि तीही धडकेनेच. तिच्या हातात कीबोर्ड, त्याच्या हातात दगडांचा ट्रे. पाच दगड पायऱ्यांवरून गडगडत गेले. ओशाळून तिने चार वेचून आणले. पाचवा त्याने तिच्याच चपलेखालून अलगद काढला.

"वीस कोटी वर्षं टिकलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या पायाखालीही टिकला. चांगला आहे."

संग्रहालयात सगळे त्याला दगडोबा म्हणत. वेबसाइटवर तो रोज एका दगडाविषयी पानभर लिही. ते वाचतं कोण, असं संचालकबाईंनी एका बैठकीत विचारलं आणि सांगून टाकलं, की दिवसाला दहा भेटीही होत नसतील तर महिनाअखेर ते पान बंद. वाचकांची माहिती बाहेरच्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून मोजणीचं सॉफ्टवेअर संग्रहालयाच्याच सर्व्हरवर बसवायचं ठरलं. सर्व्हर सांभाळायची ती, म्हणून काम तिच्याकडे आलं.

तिने ते एका सकाळी बसवलं. डेटाबेस तयार केला, फाइली जागेवर ठेवल्या, फोल्डरांना परवानग्या दिल्या. पडद्यावर ओळीने हिरव्या खुणा उमटल्या. एकच रकाना उरला. कोणाच्या भेटी मोजायच्या नाहीत त्यांच्या संगणकांचे पत्ते तिथे घालायचे होते, म्हणजे आधी तिच्या स्वतःच्या संगणकाचा. पण तो शेजारी स्टूल ओढून बसला होता, त्याच्या बाहीला दगडाच्या भुकटीचा वास येत होता... नंतर घालू, असं म्हणून ती विसरली.

दहा दिवसांनी तो सर्व्हरच्या थंडगार खोलीत आला तो चेहरा उजळूनच. रोजच्या चौदा भेटी, आणि त्यातल्या नऊ एकाच वाचकाच्या. सकाळी आल्या आल्या, जेवणाआधी, जेवणानंतर, निघताना...

"माझी ताई असेल असं वाटलं," तो म्हणाला. "तर ती म्हणते, तुझं लिखाण वाचायचं तर आधी मला दगड व्हावं लागेल. मग कोण असेल हो?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने पंख्यांच्या घरघरीकडे कान असल्याचं सोंग केलं. तो गेल्यावर तिने तो रकाना उघडला. कर्सर लुकलुकत राहिला. पत्ता घातला की उरणार पाच, आणि पान बंद. न घालावा, तर आकडा खोटा. आयुष्यात तिने मोजमापात कधी लबाडी केली नव्हती. तरी तिने पडद्यावरची खिडकी मिटली. पुढचे चार दिवस तिला त्याच्या डोळ्यांना डोळा देववेना. आणि वाचल्याशिवाय राहवतही नव्हतं.

महिनाअखेरच्या बैठकीच्या सकाळी तीच त्याच्या टेबलापाशी गेली.

"त्या नऊ भेटी माझ्या आहेत," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मला वगळायला विसरले. मग आठवलं... तरी वगळलं नाही. आता वगळलंय. आकडा पाच आहे."

तो हातातला दगड उगाच पुसत म्हणाला, "वाचकाचा संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो, त्याचाही एक रकाना असतो त्या अहवालात. सर्व्हरवरची प्रणाली आपल्या टेबलावरही वापरणारं या इमारतीत एकच माणूस आहे."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"परवापासून. चौदा आकडा छान दिसत होता, म्हणून मीही तोंड मिटून बसलो." आता तोही जमिनीकडे बघत होता. "आणि नऊ त्याहून छान."

दोघं तसेच उभे राहिले, शिक्षा झाल्यासारखे. मग तो बैठकीला गेला.

दुपारी तो सर्व्हरच्या खोलीच्या दारात आला. पाच म्हणून सांगितलं, म्हणाला. 'पाच तर पाच' म्हणत संचालकबाईंनी पान बंद केलं नाही, पण रोजचं आता आठवड्यातून एकदा.

"माझ्यामुळे..." ती पुटपुटली.

"खऱ्या आकड्यामुळे." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि स्टूल ओढलं... तेच, तिच्या शेजारचं. "बाकीच्या दिवसांचं मी लिहिणारच आहे. ते वाचून दाखवीन म्हणतो. मोजणीत न धरलेल्या माणसाला."

तिने मान वर केली. चेहरा अजून लाल होता, पण आता तिने तो लपवला नाही.

"वाचा," ती म्हणाली.

त्याने घसा साफ केला. कागदावरचा दगड तोच होता, जिन्यातला पाचवा.