आठव्या ओळीतला ठेंगू

हे खरं घडलंय. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, माझी हरकत नाही. डोकं फिरलंय की काय, असं मलाही वाटून गेलंय.

मंगळवार होता. दुपारचे चार. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरची उंदरांची खोली, बिनखिडकीची.

माझी सख्खी मोठी बहीण तिथे शास्त्रज्ञ. मी उंदरांची देखभाल करायचे. नोकरी तिनेच लावली, हे ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचीच.

प्रयोग सोपा होता. अंगात वाढीचं संप्रेरक जन्मापासूनच नसलेले बुटके उंदीर. आठांना रोज चार वाजता त्या संप्रेरकाचं इंजेक्शन, आठांना नुसतं मिठाचं पाणी. शेवटी सगळ्यांना मारून हृदय, यकृत, मूत्रपिंडं वेगवेगळी तोलायची. कोणता अवयव किती वाढला, ते बघायचं.

मिठाच्या पाण्यावर एक जास्तीचा होता. ठेंगू. जेमतेम आठ ग्रॅमचा जीव. दिवसभर पुठ्ठ्याची नळी कुरतडत बसायचा.

"ताई, हा मला दे ना."

"घे बाई. माझे सोळा झाले की झालं. तुझ्या ठेंगूला हात लावणार नाही, शब्द देते."

मग मला दोन दिवस ताप आला. तेवढ्यात प्रयोग संपला. परत आले तर त्या सोळांबरोबर ठेंगूचाही पिंजरा रिकामा.

"आपणहून गेला गं," म्हणत ताईने मला जवळ घेतलं. मीही वेडी, तिच्याच खांद्यावर रडले.

त्याच दुपारी, चारच्या ठोक्याला...

खोलीतले दुसऱ्या प्रयोगांचे सगळे उंदीर एकदम गप्प झाले.

कुर्र... कुर्र...

पुठ्ठा कुरतडल्याचा आवाज. ठेंगूच्या रिकाम्या पिंजऱ्यातून.

मी मागे वळले. वजनकाटा आपोआप चालू झाला होता. पारडं रिकामं. आकडा मात्र...

०.०४.

मग शून्य. मग ०.३३. पुन्हा शून्य. मग ०.०९.

मी वायर काढून टाकली.

बुधवारी चारला पुन्हा तेच. वायर जमिनीवर पडलेली, आणि आकडे तेच, त्याच क्रमाने.

गुरुवारी लक्षात आलं: हे आकडे म्हणजे उंदराचं हृदय, यकृत, मूत्रपिंडं. सगळे यकृतापासून तोलायला सुरुवात करतात. हृदय आधी तोलायची सवय फक्त ताईची. मी वजनांची वही काढली.

मिठाच्या पाण्याचे आठ उंदीर. आठवी ओळ खोडून पुन्हा लिहिलेली. तारीख माझ्या तापातली.

०.०४. ०.३३. ०.०९.

त्या दोन दिवसांत तिचा एक उंदीर दगावला होता. त्याच्या जागी तिने ठेंगूला घेतलं. असा उंदीर बदलणं नियमात बसत नाही. म्हणून मारणाऱ्याच्या रकान्यात सही होती...

माझी.

हुबेहूब. असणारच. लहानपणी माझा हात धरून ती सही तिनेच तर शिकवली होती.

"एका उंदरासाठी एवढा तमाशा?" ताई म्हणाली. "घरचीच आहेस म्हणून केली तुझी सही. परक्याची केली असती का?"

उंदरासाठी नव्हता गं तमाशा. मी नोकरी सोडली. तिच्याशी बोलणंही.

महिन्याभराने, म्हणजे काल, तिचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"काटा थांबत नाहीये गं. रोज आकडे वाढतायत. आज अडीचशे... मग तेराशे... मग पुन्हा अडीचशे. हा काटा दोनशे ग्रॅमच्या वर मोजतच नाही! आणि एवढं हृदय उंदराचं नसतं. ते..."

"माणसाचं असतं," मी म्हणाले. "तुझंच असेल." आणि फोन आपटला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

ठेंगूला माहीत असेल ना, त्याला कुणी मारलं ते? की तोही वहीत जे लिहिलंय तेच खरं मानतो?

आठव्या ओळीत सही माझी आहे.

आज सकाळी मी घरातला पुठ्ठ्याचा तुकडा न् तुकडा बाहेर टाकला. दारं-खिडक्या लावून बसले आहे. चारला पाच मिनिटं कमी आहेत.

आणि पलंगाखालून...

कुर्र... कुर्र...