चिखलातलं पाऊल, खडकावरचा पंजा

आटलेल्या सरोवरात ती तिघं उतरली ती एकाच कामासाठी. धाकटीचा होणारा नवरा जिवंत शोधून आणायचा होता!

त्याला घरात सगळे शिडी म्हणत. घरच्या भट्टीच्या दारातून वाकल्याशिवाय त्याला आत येता येत नसे, आणि वाकायचं त्याच्या लक्षात राहत नसे. कौलांच्या भट्टीला पांढरी माती हवी होती. "नुसतं उंच वाढून काय होतं? काहीतरी करून दाखव!" असं धाकटीच्या आईने त्याला चारचौघांत सुनावलं होतं. लागलं ते पोराच्या मनाला. गेला एकटाच, सरोवरापलीकडच्या डोंगरात माती आणायला. त्याच दिवशी पाऊस कोसळला, आणि मागोमाग असं ऊन तापलं की सरोवराचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या. शिडीचा मात्र पत्ता नाही.

म्हणून थोरली लेक निघाली. कृत्रिम पाय बनवण्याच्या कारखान्यात ती मापं घ्यायची. ज्याचे दोन्ही पाय गेले, तो मुळात किती उंच होता हे ती त्याच्या पंजावरून सांगायची. वाटाड्या निघाला, कारण वाट त्यालाच ठाऊक. आणि आई निघाली, कारण तिला "नको" म्हणायची छाती कुणाला नव्हती.

"मावशी, पाणी जपून," वाटाड्या म्हणाला. "पलीकडच्या विहिरीपर्यंत पुरेल, इकडेतिकडे भटकायला नाही."

"मी काय जत्रेला आलेय का भटकायला? तू पुढे बघ!"

पलीकडच्या काठाजवळ थोरली एकदम थांबली. अनवाणी पावलं! एकाच माणसाची, डोंगरातल्या काळ्या घळीच्या दिशेने गेलेली. पुढे दगडाळ जमीन, तिथे माग संपला होता. तिने गुडघे टेकले, टेप काढली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत साडेतेवीस सेंटिमीटर. तिचा चेहरा उतरला.

"माणूस आपल्या पावलाच्या साडेसहा पटीहून थोडा जास्त उंच असतो. हा पाच फूट दोन इंच. फार तर तीन."

"आणि शिडी?" वाटाड्याने विचारलं.

"पावणेसहा फूट. जास्तच, कमी नाही."

"मग हा एखादा मेंढपाळाचा पोरगा. आपला माणूस विहिरीकडे गेला असणार. ताई, घळीत शिरलो तर विहिरीला पोहोचायला पाणी उरणार नाही. एकच वाट धरा."

आईने पावलाकडे पाहिलं, घळीकडे पाहिलं. मग पदर खोचून विहिरीच्या वाटेला लागली.

थोडं अंतर गेले असतील नसतील, क्षितिजावर पिवळी भिंत उभी राहिली. वावटळ! बघता बघता ती अंगावर आली. डोळ्यांत धूळ, नाकात धूळ. "मागे फिरा! मोठ्या खडकाआड!" वाटाड्या ओरडला. तिघं वाकून धावली. आई धडपडली. थोरलीने तिला दंडाला धरून ओढलं. खडकाच्या आडोशाला तिघं एकमेकांना बिलगून बसली. वर वारा शिट्ट्या घालत होता.

डोळे चोळून थोरलीने मान वर केली. खडकावर चिखलाने माखलेला पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट! पाय चिखलातून उपसताना कुणीतरी इथे आधाराला हात टेकला होता. तिने टेप लावली. एकोणीस सेंटिमीटर आणि वर थोडं.

"पंजाच्या नऊपट धर... आई, हा पावणेसहा फुटी!"

"म्हणजे दोघं होते?"

"पावलं तर एकाचीच आहेत! हात उंच माणसाचा, पाय बुटक्याचा. असं कसं होईल?"

वारा ओसरत होता. थोरली त्या वाळलेल्या चिखलाकडे बघत राहिली. भेगाच भेगा. प्रत्येक तुकडा शेजाऱ्यापासून अंग चोरून बसलेला.

"आई," ती हळूच म्हणाली, "आपण कौलाचा साचा मोठा का करतो?"

"हे काय विचारणं झालं? ओली माती वाळली की अकराची दहा..." आई मध्येच थांबली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! जन्म मातीत गेला माझा! कामगारांना याच्यावरून रोज फैलावर घेते, आणि इथे डोळे फुटले होते का माझे?"

"माझेही फुटले होते! पाऊल मातीबरोबर आकसलं. पंजाचा थर खडकाला चिकटलेला, तो कसा आकसेल? साडेतेवीसचे मूळचे जवळजवळ सव्वीस धर. तो शिडीच आहे!"

"पाणी..." वाटाड्या चाचरला.

"माझ्या वाटचं त्याला पाजू. चल!" आई म्हणाली.

घळीच्या तोंडाशी थोरलीने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. खालून काहीतरी घोगरं आलं. माणूस होता!

दोर खडकाला बांधला. थोरली उतरू लागली. अर्ध्यावर पायाखालची कपार सुटली! दगड धडधडत खाली गेले. ती लोंबकळली. दोर खडकावर करकरला. "धरलंय!" वर आई दाताने ओठ चावत, टाचा रोवून मागे रेलली होती. तळहात सोलले. तिने सोडलं नाही. वाटाड्याने दोर आणखी एका दगडाला गुंडाळला. थोरलीचे पाय तळाला टेकले.

शिडी कपारीत पडला होता. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, ओठ फुटलेले. बूट चिखलाने गिळले होते. उशाला गच्च भरलेलं पोतं. पिठासारखी शुभ्र माती!

थेंब थेंब पाणी पाजल्यावर तो बोलला, "ताई, आधी पोतं वर घ्या."

"आधी कोण ते वरून ठरेल," थोरली म्हणाली आणि तिने ओरडून विचारलं.

वरून आईचं उत्तर आलं, "ओत ती माती! पोत्यात त्याला घाल!"

"मावशी, अशी माती पुन्हा मिळायची नाही!" तो कळवळला.

"डोंगर कुठे पळून जातोय? ओत म्हटलं ना!"

पांढरा ढग घळभर उडाला. पोतं फाडून त्याची झोळी झाली. त्याला झोळीत बांधून थोरली आधी वर चढली; मग ओढताना तिघांपैकी कुणी दम खाल्ला नाही.

विहिरीचा कठडा दिसला तेव्हा चौघांच्या घशाला कोरड पडली होती, बुधल्यात थेंब नव्हता. झोळीचं एक टोक वाटाड्याने धरलं होतं, दुसरं थोरलीने, आणि बाहेर लोंबणारे त्याचे लांबलचक पाय आईने आपल्या सोललेल्या हातांवर तोलून धरले होते. वाटाड्या कठड्याकडे बघून पळायलाच लागला, तशी ती मागून कडाडली,

"हळू रे! माणूस आहे तो, कौलं नव्हेत!"